राजीनामा लिहिण्याआधी : नोकरी, बाळंतपण, खंड आणि परतीबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पुणे आणि चाकण मिळून मी २२ वर्षं एचआरमध्ये काढली. मला प्रश्न येतात ते बहुतेक रात्री साडेदहानंतर, म्हणजे ओटा आवरून झाल्यावर. जे परत परत येतात ते इथे एकत्र केले आहेत. उत्तरं खासगी नोकरी धरून दिली आहेत. सरकारी नोकरीचा विषय असेल तिथे तसं म्हटलं आहे.

१. बाळ होणार आहे. घरचे म्हणतात, आत्ता सोड, दोन-तीन वर्षांनी परत बघू. काय करू?

आधी रजा घ्या, ती संपत आली की मग ठरवा. राजीनामा कधीही देता येतो, त्याला मुहूर्त लागत नाही.

मी २००४ साली नेमकं उलटं केलं. तेव्हा प्रसूती रजा १२ आठवड्यांची होती. अकराव्या आठवड्यात बाळाला ताप भरला, रात्रभर जागरण झालं, आणि सकाळी मी फुलस्केपवर तीन ओळी खरडून दिराच्या हाती ऑफिसात पाठवल्या. साहेबांनी त्याच दिवशी सही केली. ताप तिसऱ्या दिवशी उतरला. पुन्हा नोकरी मिळायला मला चार वर्षं लागली, आणि मिळाली ती आधीच्यापेक्षा एक पायरी खालची. बिनपगारी दोन महिने मागता आले असते, हे मला कोणी सांगितलं नाही. मीही विचारलं नाही.

म्हणून क्रम लक्षात ठेवा : पूर्ण पगारी प्रसूती रजा, मग शिल्लक हक्काची रजा, मग बिनपगारी रजा, मग काही महिने घरून किंवा कमी तास काम. एकेक मागा आणि ईमेलनेच मागा. नकार येणार असेल तर तोही ईमेलनेच येऊ दे. एवढं सगळं करूनही सोडावंसं वाटलं तर खुशाल सोडा. पण त्याआधी प्रश्न ९ आणि १० वाचा.

२. प्रसूती रजा नक्की किती आणि पगार किती?

पहिल्या दोन मुलांसाठी २६ आठवडे, त्यातले जास्तीत जास्त ८ बाळंतपणाच्या आधी. २०१७ पर्यंत हीच रजा १२ आठवडे होती. पगार पूर्ण मिळतो, आधीच्या तीन महिन्यांच्या सरासरीवर. मूळ कायदा १९६१चा. २१ नोव्हेंबर २०२५ पासून ही कलमं सामाजिक सुरक्षा संहितेत गेली आहेत, पण २६ आठवडे तसेच आहेत. दहा किंवा जास्त माणसं कामाला असलेल्या दुकानाला किंवा ऑफिसलाही हे लागू होतं. 'तो कायदा फॅक्टरीचा' असं कोणी म्हणालं तर ऐकून घेऊ नका.

तुमचा पगार महिना २१,००० रुपयांच्या आत असेल आणि ईएसआय (कर्मचारी राज्य विमा) कापला जात असेल, तर पैसे कंपनीकडून येत नाहीत, ईएसआय महामंडळाकडून येतात. तिथे आधीच्या दोन अंशदान कालावधींत (सहा-सहा महिन्यांच्या) ७० दिवसांचं अंशदान भरलेलं लागतं.

गर्भपात झाला तर ६ आठवड्यांची पगारी रजा आहे. ही फार कमी जणी मागतात. बऱ्याच जणी दोन दिवस 'व्हायरल' सांगून कामावर येऊन बसतात. डॉक्टरांचा कागद जोडा आणि रजा घ्या. कारण सगळ्या ऑफिसला कळायची गरज नाही, एचआरमधल्या एका माणसाला कळलं की पुरे.

३. नोकरीला लागून पाचच महिने झालेत. रजा मिळेल का? आणि मुलाखतीत गरोदर असल्याचं सांगायला हवं होतं का?

अपेक्षित तारखेआधीच्या १२ महिन्यांत त्या कंपनीत ८० दिवस काम झालेलं असलं की हक्क लागू होतो. पाच महिने म्हणजे भरपूर झाले. मुलाखतीत सांगायलाच हवं असं कायद्यात कुठे नाही. माझं मत विचाराल तर ऑफर लेटर हातात आल्यावर, रुजू होण्याआधी, वरिष्ठांना सांगावं. त्यांनाही सहा महिन्यांची तजवीज करायची असते, आणि पहिल्याच महिन्यात विश्वास उडाला तर पुढची दोन वर्षं जड जातात.

४. मालक म्हणतात, 'आमच्याकडे अशी पॉलिसी नाही.' आता?

पॉलिसी कंपनीची असते, ही रजा कायद्याची आहे. नेमणुकीच्या वेळीच या लाभांची लेखी माहिती बाईला द्यायची जबाबदारी कंपनीवर आहे. भांडायला जाण्याआधी चार ओळींचा ईमेल पाठवा :

'माझी बाळंतपणाची अपेक्षित तारीख अमुक आहे. मी तमुक तारखेपासून २६ आठवड्यांची प्रसूती रजा घेत आहे. डॉक्टरांचा दाखला जोडला आहे. रजेच्या काळातील वेतन या खात्यात जमा करावे.'

'मिळेल का' असं लिहू नका, 'घेत आहे' लिहा. दहातल्या सात वेळा प्रकरण इथेच मिटलेलं मी पाहिलं आहे, कारण ईमेल अकाउंट्समधून सल्लागाराकडे जातो आणि तो मालकाला फोन करतो. नाहीच मिटलं तर कामगार आयुक्त कार्यालयात तक्रार करा. तिथेही पहिला कागद हाच लागतो. रजेवर असताना कामावरून काढणं बेकायदा आहे, तसंच त्या काळात नोकरीच्या अटी तुमच्या तोट्याच्या होतील अशा बदलणंही.

५. मी कंत्राटी आहे. करार रजेच्या मधेच संपतोय. मग उरलेली रजा गेली का?

नाही. दिल्लीतल्या एका सरकारी रुग्णालयातल्या डॉक्टर कविता यादव यांचं हेच झालं होतं. त्यांनी १ जून २०१७ पासून रजा मागितली, करार ११ जूनला संपत होता, म्हणून त्यांना फक्त ११ दिवस दिले गेले. सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२३मध्ये निकाल दिला : लाभ २६ आठवड्यांचाच, करार संपला तरी. रोजंदारीवरच्या बायकांनाही प्रसूती लाभ मिळतो, हे तर त्याच न्यायालयाने दिल्ली महानगरपालिकेच्या प्रकरणात २००० सालीच सांगितलं आहे.

एक फरक मात्र लक्षात घ्या. न्यायालयाने लाभ दिला म्हणजे कराराचं नूतनीकरण झालं असं नाही. रजा संपल्यावर कंत्राट पुढे चालू राहील याची हमी यात नाही.

६. नवऱ्याला पहिल्या लग्नाची दोन मुलं आहेत. माझं हे पहिलंच. ऑफिस म्हणतं, तिसरं मूल, म्हणून १२ आठवडेच.

तिसऱ्या वेळी १२ आठवडे हा नियम खराच आहे. पण चंडीगढच्या पीजीआय या सरकारी रुग्णालयातल्या परिचारिका दीपिका सिंग यांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २०२२मध्ये नवऱ्याच्या आधीच्या मुलांमुळे बाईची पहिल्या बाळंतपणाची रजा नाकारता येत नाही असं ठरवलं. त्यांची नोकरी केंद्र सरकारच्या रजा नियमांखाली होती, पण न्यायालयाने प्रसूती लाभ कायद्याचा हेतू समोर ठेवूनच तो निकाल दिला. ईमेलमध्ये निकालाचं नाव आणि वर्ष घाला. एचआरवाले शोधून वाचतात.

७. परत आले तर माझं काम दुसऱ्याला दिलेलं. पद तेच, खुर्ची तीच, हाताला काही नाही.

कायद्याने यात फार काही हाती लागत नाही, कारण कागदावर पद आणि पगार तेच असतात. म्हणून याची तयारी जाण्याआधी करायची. रजेच्या आधी एका पानावर लिहून द्या : कोणती कामं कोणाकडे 'तात्पुरती' सोपवली आणि ती कोणत्या तारखेला परत घेणार. साहेबांकडून त्यावर 'ओके' एवढं उत्तर आलं तरी चालतं. परत येण्याच्या तीन आठवडे आधी फोन करून भेट ठरवा, बाळाला न नेता. (बाळाला नेलं की सगळे बाळाशीच बोलतात. अनुभव आहे.)

वेळ निघून गेली असेल तर सगळं काम एकदम परत मागू नका. दिसणारं एक काम मागा, ज्याला तारीख आहे आणि ज्याचा आकडा महिनाअखेरीला वरपर्यंत जातो.

अंगावर पाजत असाल तर मूल १५ महिन्यांचं होईपर्यंत दिवसातून दोन जादा सुट्ट्या हक्काच्या आहेत. ५० किंवा जास्त कर्मचारी असतील तर पाळणाघराची सोय हवी आणि दिवसातून चारदा तिथे जाता आलं पाहिजे. दूध काढायला जागा नसेल तर मागा. आमच्या एका शाखेत पहिली जागा स्टेशनरीच्या खोलीत झाली : आतून कडी, एक खुर्ची, एक प्लग, आणि दारावर 'स्टॉक मोजणी चालू आहे' अशी पाटी. हसू येतं, पण वर्षभरात तिघींना ती उपयोगी पडली.

८. सांभाळायला घरात कोणी नाही. बाईचा पगार देऊन माझ्या हातात राहणार काय?

हा हिशोब मला आठवड्यातून एकदा तरी येतो. पगार ३२,०००, बाई १४,०००, रिक्षा ३,०००, उरले १५,०००. मग एवढ्यासाठी कशाला मरायचं?

यात पहिली चूक ही की बाई आणि रिक्षा दोन्ही फक्त आईच्या पगारातून वजा केलेत. मूल दोघांचं आहे. १७,००० दोघांत वाटा, साडेआठ-साडेआठ. आकडा लगेच वेगळा दिसतो. दुसरी चूक, हिशोब आजच्या महिन्याचा मांडलाय. वर्षाला आठ टक्के वाढ धरली तर ३२,०००चे पाच वर्षांत सुमारे ४७,००० होतात, आणि तोवर मूल शाळेत जायला लागल्यामुळे बाईचे तास कमी झालेले असतात. घरी बसलात तर पाच वर्षांनी तुम्ही ३२,०००पासून सुरू करणार, तेही मिळाले तर. पीएफमधला कंपनीचा वाटा तर या हिशोबात कोणी धरतच नाही.

सासूबाई किंवा आई सांभाळत असतील तर त्या फुकट सांभाळतात असं समजू नका. त्यांचे गुडघे असतात, भिशी असते, भजनी मंडळ असतं. आठवड्याचा एक पूर्ण दिवस त्यांचा ठरवून सोडा, आणि त्या दिवशी बाळाकडे नवऱ्याने बघायचं. मी ज्या घरांत हे पाहिलं तिथे आजी टिकल्या. बाकीच्या घरांत वर्षभरात 'मला आता झेपत नाही' हे वाक्य येतं, आणि ते येतं नेमकं अप्रेझलच्या महिन्यात.

९. नोकरी सोडतेच आहे. पीएफ काढून घेऊ का?

गरज अडली नसेल तर नको. पीएफवर व्याज चालू राहतं. फक्त नोकरी सुटल्यानंतरच्या व्याजावर कर लागतो. सलग पाच वर्षं व्हायच्या आत काढलात तर काढलेल्या रकमेवरही कर लागतो.

त्यातही पेन्शनच्या भागाला हात लावू नका. एकूण १० वर्षं सेवा झाली की ५८व्या वर्षापासून पेन्शन मिळते, आणि ही वर्षं सलग असावी लागत नाहीत. खंडाआधी सहा वर्षं, नंतर चार, चालतं. पैसे काढले की आधीची सहा पुसली जातात. रक्कम फार मोठी नाही हेही सांगते : १५,०००च्या पगारमर्यादेवर दहा वर्षांचे महिन्याला साधारण २,१४२ रुपये. पण ते मरेपर्यंत येतात आणि स्वतःच्या नावावर येतात. नवीन नोकरीत तोच यूएएन (पीएफचा कायमचा क्रमांक) द्या, दुसरा काढू देऊ नका.

१०. चार वर्षं नऊ महिने झालेत. ग्रॅच्युइटी मिळेल का?

ग्रॅच्युइटी म्हणजे नोकरी सोडताना झालेल्या वर्षांच्या हिशोबाने कंपनी देते ती रक्कम. नियम पाच वर्षांचा आहे. मद्रास उच्च न्यायालयाने पाचव्या वर्षातले २४० दिवस पुरेसे मानले आहेत, पण त्या निकालाच्या भरवशावर तीन महिने आधी सोडू नका. हिशोब असा : शेवटचा मूळ पगार अधिक महागाई भत्ता, भागिले २६, गुणिले १५, गुणिले वर्षं. मूळ पगार २६,००० असेल तर वर्षाला १५,०००, पाच वर्षांचे ७५,०००. प्रसूती रजेचा काळ सेवेत धरला जातो. म्हणजे शेवटचे महिने रजेवर असलात तरी घड्याळ चालूच असतं. घाईच्या राजीनाम्यात सगळ्यात जास्त पैसे इथेच जातात. मुदतीच्या करारावर असाल तर नव्या सामाजिक सुरक्षा संहितेप्रमाणे एका वर्षानंतरच प्रमाणात ग्रॅच्युइटी आहे.

११. लग्नानंतर नाव बदलावंच लागतं का?

नाही. तशी सक्ती करणारा कायदा नाही. बदलायचंच असेल तर आधार, पॅन, बँक आणि पीएफ चारही ठिकाणी एकाच स्पेलिंगने बदला. पीएफला 'सुप्रिया' एका अक्षराने आणि आधारला दुसऱ्या अक्षराने, एवढ्यावर महिनोन्महिने दावे अडकलेले मी पाहिलेत. पदवीचं प्रमाणपत्र जुन्या नावाचं असतं. त्याच्यासोबत विवाह नोंदणीचा दाखला किंवा राजपत्रातली नावबदलाची नोंद कायम जोडून ठेवा.

१२. चार-पाच वर्षांचा खंड बायोडेटात कसा दाखवू?

सरळ. '२०२०–२०२४ : कौटुंबिक जबाबदारीमुळे खंड.' एक ओळ बास. तारखा गाळून लपवायला गेलात तर समोरचा तेवढ्याच भागाचे प्रश्न विचारतो. त्या काळात शिकवण्या घेतल्या, सोसायटीचे हिशोब बघितले, कोणाच्या जीएसटीची कामं केली, तर आकड्यासकट लिहा : '८४ फ्लॅटच्या सोसायटीचा खजिनदारपदाचा कारभार, तीन वर्षं.' 'गृहिणी म्हणून वेळेचे व्यवस्थापन शिकले' असलं काही लिहू नका, वाचणारा पान उलटतो.

अर्ज सुरू करण्याआधी जुन्या सहकाऱ्यांपैकी दहा जणांना फोन करा. मला २००८ साली परत नोकरी मिळाली ती जुन्या ऑफिसच्या डिस्पॅचमधल्या माणसाच्या सांगण्यावरून.

१३. मुलाखतीत 'मुलांचं काय करणार?' विचारतात. काय सांगू?

चिडायला होतं, आणि त्यात काही चूक नाही. शेजारी बसलेल्या पुरुषाला हे विचारत नाहीत. पण नोकरी हवी असेल तर एका वाक्यात उत्तर देऊन कामाकडे वळा : 'घरची व्यवस्था लागलेली आहे. या पदावर महिनाअखेरीला थांबावं लागतं का?' व्यवस्थेचा तपशील सांगत बसू नका. सासू, बाई, पाळणाघर अशी यादी दिली की प्रत्येकावर उपप्रश्न येतो.

१४. आधीचा पगार ४०,००० होता. आता ३०,०००ची ऑफर आहे. घेऊ?

कामावर अवलंबून आहे. काम पूर्वीच्या पातळीचं आणि आकडा कमी असेल तर सहा महिन्यांनी फेरविचार होईल हे ऑफर लेटरमध्येच लिहून घ्या. काम आणि पद दोन्ही खालचं असेल तर मी दोनदा विचार करीन, कारण खाली उतरलेलं पद पुढच्या प्रत्येक बायोडेटात दिसतं. त्याच कामाला पुरुषाला जास्त देणं कायद्याने चालत नाही. १९७६पासून हा नियम आहे, आता तो वेतन संहितेत आहे. अडचण एवढीच की शेजाऱ्याचा पगार कळत नाही. चहाच्या टपरीवर विचारा, निम्मे लोक सांगतात.

सरकारी परीक्षेचा विचार असेल तर महाराष्ट्रात सर्वसाधारण वयोमर्यादा खुल्या गटाला ३८, मागासवर्गीयांना ४३ आहे, आणि महिलांना ३० टक्के समांतर आरक्षण. पोलिसांसारख्या काही पदांना वेगळी मर्यादा असते, जाहिरात नीट वाचा.

१५. बढती आहे, पण रात्रपाळी आहे.

महाराष्ट्राच्या २०१७च्या दुकाने व आस्थापना कायद्यानुसार रात्री साडेनऊ ते सकाळी सात या वेळेत बाईला तिच्या संमतीनेच कामाला ठेवता येतं, आणि सुरक्षिततेची व्यवस्था करावी लागते. संमती देताना गाडी दारापर्यंत येणार की चौकापर्यंत, हे लिहून घ्या. घरचे काय म्हणतील याची भीती असेल तर साताऱ्याच्या सुरेखा यादव यांचं नाव सांगा. १९८६ला रेल्वेत लागल्या, देशातल्या पहिल्या महिला रेल्वेचालक ठरल्या, २०२३मध्ये सोलापूर–मुंबई वंदे भारत चालवली आणि २०२५मध्ये निवृत्त झाल्या. त्या नोकरीत वेळी-अवेळी निघावंच लागतं.

१६. वरिष्ठ लैंगिक त्रास देतात. तक्रार केली तर करिअर संपेल, अशी भीती वाटते.

भीती खरी आहे, म्हणून आधी मुदत सांगते. घटनेपासून तीन महिन्यांत लेखी तक्रार द्यायची. प्रकार अनेक असतील तर शेवटच्या घटनेपासून. सबळ कारण असेल तर समिती आणखी तीन महिने वाढवू शकते. दहा किंवा जास्त माणसं असतील तिथे अंतर्गत समिती असलीच पाहिजे, अध्यक्ष बाई आणि एक सदस्य बाहेरचा. लहान जागी किंवा खुद्द मालकाविरुद्ध तक्रार असेल तर जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे जा. चौकशी ९० दिवसांत संपवायची असते. त्या काळात तुमची किंवा त्यांची बदली मागता येते, आणि नेहमीच्या रजेशिवाय तीन महिन्यांपर्यंत रजाही. ही रजा मागून घ्या. यातही राजीनामा हा पहिला उपाय नाही. का नाही, ते प्रश्न १मध्ये आहे.

१७. नवऱ्याची बदली अमेरिकेत. नोकरी सोडू की रजा मागू?

व्हिसा कोणता ते आधी विचारा. एल-२ वरच्या जोडीदाराला (नवऱ्याला कंपनीनेच तिकडच्या शाखेत पाठवलं असेल तर हा व्हिसा) काम करता येतं. एच-४ वर (नवरा एच-१बी वर असेल तर हा व्हिसा) मात्र वेगळा कामाचा परवाना लागतो, आणि तो सहसा नवऱ्याच्या ग्रीन कार्डसाठीचा आय-१४० अर्ज मंजूर झाल्यावर मागता येतो, म्हणजे काही वर्षांनी. तोवर न्यू जर्सीत बसून पुण्याच्या कंपनीचं काम 'घरून' करीन हा बेत व्हिसा आणि कर दोन्हीकडून अडचणीचा आहे. एक वर्षाची बिनपगारी रजा मागा. मोठ्या कंपन्या देतात, मागितली तर.

१८. राजीनामा देऊन बसले. परत घेता येतो का?

तो स्वीकारल्याचं तुम्हाला कळवलेलं नसेल तर बहुतेक वेळा येतो. कोकण रेल्वेच्या एका कर्मचाऱ्याच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २०२४मध्ये हेच धरलं : स्वीकृतीचं पत्र कार्यालयातल्या कार्यालयात फिरत होतं, कर्मचाऱ्याला पोहोचलंच नव्हतं, म्हणून मागे घेणं वैध. खासगी नोकरीत नेमणूकपत्रातल्या अटी बघाव्या लागतात. स्वीकृती आली असेल तर कंपनीच्या मर्जीवर आहे, तरी विचारायला हरकत नाही.

आज रात्रीच पाठवा, सकाळची वाट बघू नका. 'दिनांक अमुक रोजी दिलेला राजीनामा मी मागे घेत आहे. तमुक तारखेपर्यंत बिनपगारी रजा मिळावी.' कारण लिहायची गरज नाही. साहेब आणि एचआर दोघांना एकाच ईमेलमध्ये घाला, आणि एक प्रत स्वतःच्या खासगी पत्त्यावर, कारण ऑफिसचा पासवर्ड सकाळपर्यंत बंद झालेला असू शकतो.